आँटींच्या आजीचा नीरफणस

१० जाने., शनिवार
रात्रभर बर्फ. ड्राइव्हवे साफ करून दहाला लायब्ररीत. क्विल्टच्या क्लासला मला धरून सात जणी, त्यातल्या चार आपल्या मराठीच. शिकवणाऱ्या आँटींचे हात आता फार थरथरतात, म्हणून कात्री माझ्याकडे. हवाईची पद्धत : कापडाची आठपदरी घडी, एकदाच कापायचं, उलगडलं की पानाफुलांचं अख्खं झाड. सहा वर्षं बघतेय, तरी उलगडताना छातीत धडधडतं.
चहाच्या वेळी आँटी म्हणाल्या, मार्चमध्ये परत हवाईला, हिलोला, कायमच्या. ऐंशीव्या वर्षी इथली नेपरव्हिलची थंडी सोसत नाही. "मग क्लास?" "कोणाच्या हाती द्यायचा, ठरवतेय." माझ्याकडे बघून म्हणाल्या का? मला हवाय हा क्लास. लिहूनच टाकते. फार हवाय.

१३ जाने.
आँटींच्या आजीची क्विल्ट घरी आणली. कडेची पट्टी उसवलीय, ती शिवायला माझ्याकडे दिली. पांढऱ्यावर हिरवं. खोल खाचांची पानं, मधे गोल फळं. अहो, हा तर आमचा नीरफणस! मालवणला परसात होता. हवाईत पहिली क्विल्ट याचीच करतात म्हणे, घरात कधी काही कमी पडू नये म्हणून. मी सांगितलं, आम्ही रवा लावून याची कापं तळतो. आँटी खूप हसल्या.
नवरोबा थेट क्विल्टवर बसायला निघालेले. ओरडलेच. त्यावर बसायचं नसतं, एवढं तरी सहा वर्षांत...

१५ जाने.
पट्टी झाली. परत देण्याआधी बटर पेपर ठेवून एक पान गिरवून घेतलं. आठवा हिस्सा मिळाला की सगळं मिळालं. लहानपणी शेजारच्या अंगणातली रांगोळी अशीच ठिपके मोजून वहीत उतरवायचो. कोण विचारत बसतंय!
फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला. आँटी ग्रुपवर नाहीत, बरंच आहे, सरप्राइज देता येईल. जायच्या आत सगळ्या जणींची एकच क्विल्ट! रश्मीचा लगेच मेसेज, "काकू, यू आर द बेस्ट! बाळासाठी मी हीच करते." पुण्याची पोर, आयटीत आहे, एप्रिलमध्ये पहिलं बाळंतपण. आज स्वतःवर खूश.

७ फेब्रु., शनिवार
टेबलावर सात नीरफणस मांडून ठेवले होते. लाल, निळे, एक चक्क पैठणीच्या जांभळ्यात. आँटी आल्या. कोटसुद्धा काढला नाही. एकेक उचलून बघितला.
"हे तुम्हाला कोणी दिलं?"
सगळ्या माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या. आँटी हसल्या नाहीत. "मी नाही दिलं," एवढंच म्हणून निघून गेल्या. पार्किंगपर्यंत मागे धावले, तोवर त्यांच्या मुलीची गाडी निघालेली.

८ फेब्रु.
एका पानासाठी एवढा राग? चोरी केली का मी? आमच्याकडे कुणी डिझाइन मागितलं की बाई हरखून जाते, वर चहा पाजते.
नवरोबांना ऐकवलं. म्हणाले, "कुणी मागितलं तर ना? तू कुठे मागितलंस?"
भांडण. भात करपला.

११ फेब्रु.
आँटींकडे गेले शेवटी. सॉरी म्हटलं, फाटे न फोडता. आँटी शांत होत्या, त्याचंच जास्त लागलं.
म्हणाल्या, नमुना आजीने काढला. आजीने आईच्या हातात दिला, आईने माझ्या, मी चाळिशीची झाल्यावर. त्याआधी घरातल्या घरातसुद्धा हात लावायची परवानगी नव्हती. गल्लीतल्या एकीने वाळत घातलेल्या क्विल्टवरून तो चोरून उतरवला, तर आजी तिच्याशी मरेपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाल्या : "नमुना तुला देणारच होते. विमानात बसायच्या आदल्या दिवशी. क्विल्ट शिवायला म्हणून घरी दिली, ती तुझी-तिची ओळख व्हावी म्हणून."
गाडीत बसून रडले. काच आतून धुरकटली, तरी निघवेना.

१४ फेब्रु., शनिवार
क्लास बंद. सगळ्यांकडून गिरवलेले कागद परत मागितले, फोटो डिलीट करायला लावले. पाच जणींनी मुकाट्याने दिले, कापलेल्या कापडासकट. रश्मी रडवेली. "काकू, माझी ऑलमोस्ट झालीय. रात्री जागून केलीय यार. उसवू का?"
उसव म्हणायला जीभ रेटेना. राहू दे म्हणायचा अधिकार माझा नाही.

२१ फेब्रु., शनिवार
रश्मी म्हणाली, मी स्वतःच विचारते त्यांना. रस्त्यावर बर्फ घट्ट झालेला, म्हणून मी ड्राइव्ह केलं. आँटींनी क्विल्ट आधी उलटी करून मागची बाजू बघितली. "टाके मोठे आहेत." रश्मीचा चेहरा उतरला. आँटी बराच वेळ पानांवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "बाळाने काही घेतलेलं नाही. बाळाला राहू दे."
रश्मीने वाकून नमस्कारच केला, सातव्या महिन्यात! आँटी घाबरल्या.
दारात मला : "तू तुझं काढ. मग बघू."

३ मार्च
माझं म्हणजे काय? दहा दिवस कागद फाडतेय. आंबा जमला नाही, मिठाईच्या बॉक्सवरचा वाटायला लागला. शेवटी सुरंगी. मालवणच्या शाळेच्या वाटेवरचं झाड, खोडालाच चिकटून फुलं. पानं लांबट, कळ्या गोल. आठव्या हिश्शात बसली. काल कागद कापून उलगडला आणि ओट्यापाशी एकटीच हसले. असं हसू बऱ्याच दिवसांनी.

७ मार्च, शनिवार
आँटींची उद्या फ्लाइट. घरात नुसते खोके. सुरंगी दाखवली. खिडकीशी धरून बघितली.
"नाव काय?"
सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. "सु-रं-गी." दुसऱ्यांदा बरोबर जमलं. मग कागदाची नीट आठपदरी घडी केली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. चेन लावली.
विचारलं नाही. देतेस का, नेऊ का, काही नाही. अहो, ते माझं आहे! ओठांवर आलेलं गिळलं. आँटी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अगदी शांतपणे. मग गालावर हात ठेवला, तोच थरथरता, आणि मुलीला हाक मारली, खोक्यांना टेप लावायला.
पुढच्या शनिवारच्या क्लासबद्दल अवाक्षर नाही. रश्मीचा मेसेज येऊन पडलाय, "काकू, क्लास ऑन आहे का?" अजून उत्तर दिलेलं नाही.
सुरंगीची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती.