वाचनाबद्दल दोन मिनिटं

१४ मार्च, शनिवार

प्रिय आई,

वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठीक असेल, गुडघा कुरकुरत असेल आणि तो कुरकुरत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगत असाल, हे धरून चालते. डोळ्यांचं काय? मधला डाग तेवढाच आहे की पसरलाय?

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, बातमी चांगली आहे. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही 'बरी आहेस ना' विचारलं असतं, मी 'हो' म्हटलं असतं आणि दोघींनी फोन ठेवून दिला असता.

हे पत्र तुमचा मुलगाच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. खालच्या शिंपीणकाकूंच्या पत्त्यावर पाठवावं असं आधी मनात आलं, पण त्यांनी ते अख्ख्या जिन्याला ऐकवलं असतं. तेव्हा त्याच्याच हाती पडू दे. पूर्वी आम्ही दोघं तुमच्यामार्फत बोलायचो, 'आई, त्याला सांगा गॅस संपलाय', 'आई, तिला सांग मला उशीर होईल'. आता तुम्ही आणि मी त्याच्यामार्फत बोलू. वाचणाऱ्याला एकच विनंती: भरभर वाचू नकोस. वाक्य संपलं की थांब. त्यांना मध्ये 'बरं' म्हणायचं असतं, तेवढी जागा सोड.

तर बातमी. मला परदेशात नोकरी मिळतेय. तिथल्या एका मोठ्या लॅबला कवळ्या करणारी माणसं हवी आहेत. मी मेणात बसवलेल्या वरच्या चौदा दातांचा नमुना पाठवला होता. त्यांनी उलट टपाली विचारलं की हे हाताने केलंय का. मी कळवलं, हाताने आणि चष्म्याने. सगळं ठरलं, पण अट एक: इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी सात गुण हवेत. नोव्हेंबरात बसले तेव्हा साडेपाच पडले. दिवसभर दातांत हात घालणारी मी, तिथे माझीच दातखीळ बसली.

त्या वेळी विचारलं होतं, तुम्हाला वाचायला आवडतं का? मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, की वाचनाने माझी क्षितिजं रुंदावतात. समोरच्या बाईंनी शांतपणे पुढचं विचारलं: तुम्ही वाचलेलं शेवटचं पुस्तक कुठलं, आणि त्यात काय घडतं? मी गप्प. आठवत नव्हतं म्हणून नाही, आई. आठवत होतं म्हणून.

आता मी एका बाईंकडे सरावाला जाते. कोर्टात तीस वर्षं टंकलेखिका होत्या, आता घरच्या जेवणाच्या टेबलावर आम्हा सहाजणांना बोलतं करतात. गळ्यात कायम स्टॉपवॉच, म्हणून त्यांचं नाव आम्ही स्टॉपवॉचबाई ठेवलंय. परवा वाचनाचा विषय होता. पहिल्या चौघांची क्षितिजं ओळीने रुंदावली. बाई म्हणाल्या, "पुरे. या खोलीत आता आणखी क्षितिज मावणार नाही. खरं सांगा, काय वाचता?"

मग आमच्यातला वेल्डर उठला. चाळिशीचा गडी आहे, बोलायला बिचकतो. म्हणाला, मी मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं वाचतो आणि पेपरातल्या निधनवार्ता. निधनवार्ता का, तर त्यात प्रत्येक माणूस चांगला असतो. आम्ही इतके हसलो की बाईंना घड्याळ थांबवावं लागलं.

नंतर माझी पाळी. वेल्डरने कार्ड बघून प्रश्न वाचला: तुम्हाला एकटीने वाचायला आवडतं की कोणाबरोबर? दोन मिनिटं बोला.

आणि मी सुरू झाले. तुम्हीच आलात तोंडात. दुपारी अडीचला खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचात ते, आणि मी लग्नाआधी शाळेबाहेरचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं ते. तुम्हाला अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून मी वाचायला लागले आणि वाचताना मलाच गोडी लागली. मी सांगितलं, की त्यांना कोर्टातले खटले, विषप्रयोग आणि मृत्युपत्रं आवडतात. सूर्यास्ताचं वर्णन आलं की त्या म्हणतात, 'मावळला ना? मग पुढे चल.' मी एखादा स्वल्पविराम खाल्ला तरी त्यांना ऐकू येतं. आई, इंग्रजीत मी इतकं सलग कधीच बोलले नव्हते. चुका ढीगभर, पण अडले नाही. स्टॉपवॉच वाजलं आणि बाईंनी ते नुसतंच मुठीत धरलं.

शेवटी मात्र त्यांनी अडवलं. "तुम्ही एकदा 'लाइक्स' म्हणता, एकदा 'लाइक्ड'. सासूबाई हयात आहेत ना?"

"आहेत. पण आता त्या माझ्या सासूबाई नाहीत."

बाई म्हणाल्या, "आवड त्यांची आहे ना? ती काही कोर्टाच्या कागदाने बदलत नाही. लाइक्स म्हणा."

तेव्हापासून पाय जमिनीवर नाहीत माझे. मेण वितळवताना, प्लास्टर कालवताना तुमच्याबद्दल इंग्रजीत बडबडत असते. लॅबचे मालक विचारतात, कोणाशी बोलताय? परीक्षा चार एप्रिलला आहे. तिथे वाचनावर विचारलं तर तुमच्याबद्दल सांगू का? तुमची हरकत नसेल तरच.

इथे पत्र संपवणार होते. सही करायला पेन टेकवलं आणि हात थांबला.

एक गोष्ट मी त्या टेबलावर सांगितली नाही. आपलं शेवटचं पुस्तक. नाव तुम्हीच सांगितलं होतंत. इतकं जुनं, की वाचनालयातल्या माणसाला ते मागच्या कपाटातून काढावं लागलं. घड्याळजीच्या बायकोची गोष्ट. एकोणिसाव्या प्रकरणात ती बॅग भरते आणि नवऱ्याला, घराला सोडून निघून जाते. मी तुम्हाला ते वाचून दाखवलंच नाही. पुस्तक समोर धरून मी मनाचं वाचत होते, की तिने बॅग पुन्हा उघडली, कपडे कपाटात लावले आणि चहाचं आधण ठेवलं. पुढचे तीन दिवस, पुस्तक संपेपर्यंत, मी तिला त्या घरात राबवलं. तुम्ही ऐकत होतात, 'बरं' म्हणत होतात. आणि चौथ्या दिवशी तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेल्या असताना मी घर सोडलं.

तुमच्या मुलाशी माझं जमलं नाही, यात त्याची जितकी चूक तितकी माझी. त्याबद्दल आमच्या दोघांचं बोलून झालंय. पण तुम्हाला दिसत नाही याचा मी फायदा घेतला. ते मला कुठल्याच भाषेत नीट सांगता येत नाही.

उत्तर नाही आलं तरी समजेन.

तुमची अपराधी,
मी


११ एप्रिल, शनिवार

प्रिय आई,

नमस्कार, आणि आधी आकडा सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकणार नाही. साडेसात. हवे होते सात, मिळाले साडेसात. काल दुपारी लॅबमध्ये कळलं. हातात कोणाची तरी खालची कवळी होती, ती तशीच घेऊन मी मालकांच्या खोलीत शिरले. समोर पेशंट बसलेला. तो म्हणाला, "ही माझी का?"

तुमचं पत्र परीक्षेच्या आदल्या दिवशी पोचलं. अक्षर त्याचं, बोलणं तुमचं. जिन्यातच उभी राहून वाचलं, मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं.

'परवानगी कसली मागतेस,' असं लिहवून घेतलंत, 'खुशाल सांग, फक्त मला गरीब बिचारी आंधळी म्हातारी करू नकोस.' मला हसू आलं. मग पुढची ओळ आली. 'ते पुस्तक मी तू या घरात यायच्या आधी दोनदा वाचलं होतं.'

आई, मला क्षणभर काही समजेचना. म्हणजे मी चहाचं आधण ठेवत होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की ती बाई केव्हाच घराबाहेर पडली आहे. 'मुद्दामच मागवलं होतं,' तुम्ही म्हणता. 'तुम्ही दोघं घरात मुके झाला होतात. तुला मला काही सांगायचंय आणि सांगता येत नाहीये, हे दिसायला डोळे लागत नाहीत. म्हटलं, पुस्तकाच्या आडून तरी बोलशील. तू तिला घरात ठेवलंस, तेव्हाच मला कळलं की तू जाणार.'

आणि त्यानंतरची ओळ. ती त्याने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली दिसते. 'त्या दिवशी माझी तपासणी नव्हती. आदल्या संध्याकाळी तुझ्या कपाटाला हात लावला, तर नुसते हँगर लागले. मी समोर असते तर तुझा पाय निघाला नसता. म्हणून दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसून आले.'

दोन वर्षं मी समजत होते की मी तुम्हाला फसवून गेले. आणि तुम्ही मला वाट करून दिली होतीत. त्या बाकावर मी कितीदा तुमच्याशेजारी बसलेय, नंबर पुकारायची वाट बघत. त्यावर तुम्ही एकट्या बसलेल्या डोळ्यांपुढे आलात आणि मी पायरीवर इतकी रडले की वरच्या मजल्यावरचे आजोबा पाणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी परीक्षेला गेले. परीक्षक म्हणजे अगदी तरुण मुलगा, सर्दीने बेजार. पहिले चार प्रश्न टोप्यांवर. टोपी घालता का, टोप्या विकत घेता का. मला वाटलं, संपलं. टोप्यांबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं काय असणार? कशीबशी उत्तरं दिली. मग त्याने कार्ड पुढे सरकवलं: तुम्हाला आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल बोला.

मी घड्याळजीच्या बायकोबद्दल बोलले. छापलेलं तेवढंच सांगितलं, ती जाते ते. आणि मग सांगितलं, की हे मी ज्यांना वाचून दाखवलं त्यांना मी खोटं सांगितलं, आणि त्यांना ते कळत होतं, आणि तरी त्या ऐकत राहिल्या. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, कारण त्यांना वाचनाची आवड आहे आणि माझीही. 'लाइक्स' म्हटलं, बरोबर. पोरग्याने रुमालाने नाक पुसलं. मग म्हणाला, वेळ संपली.

वेल्डरला सहा मिळाले. त्याला तेवढेच हवे होते. त्याला पोहण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, मी बुडतो. आणि बुडण्याबद्दल दोन मिनिटं बोलला.

मी दोन मेला निघते. त्याआधी पुढच्या रविवारी, एकोणीस तारखेला, अडीचला घरी येते. तुम्ही लिहिलंत, 'या वेळी दोघींनीही न वाचलेलं आण, म्हणजे कोणाला कोणाची लबाडी कळणार नाही.' वाचनालयात तासभर उभी राहून शोधलं. एका श्रीमंत म्हाताऱ्याचं मृत्युपत्र सापडत नाही, चार वारसदार आहेत आणि नुसत्या चाळलेल्या पहिल्या पन्नास पानांत सूर्य एकदाही मावळत नाही. चारशे बारा पानं आहेत. एका रविवारात संपणार नाही, म्हणून दुकानातून दोन प्रती घेतल्या, एक तुमच्याकडे राहील, एक माझ्याबरोबर येईल. उरलेलं तुम्हाला रात्री जेवणं झाली की तो वाचून दाखवेल. पत्राच्या तळाशी त्याने आपली म्हणून एक ओळ लिहिली आहे: 'मी वाचतो रोज. स्वल्पविराम खातो म्हणते.' त्याला सांगा, रविवारी घरी असला तरी चालेल. बसून ऐकू दे. हवं तर मध्ये 'बरं' म्हणू दे.

तुम्ही कितव्या पानावर आहात ते तेवढं कळवत जा. मी तुमच्यापुढे एक ओळही जाणार नाही.

तुमची आधी सून होते, आता काय म्हणायचं ते कागदावर कुठे लिहिलेलं नाही. म्हणून नुसतंच,

तुमची