घोट्याचा बोल्ट

धाकट्या,

पलंगाखाली तुझा नकली पाय शोधू नकोस, तू झोपलेला असताना मी तो उचलून नेलाय. कुबड्या दाराला टेकवल्यात, भात कुकरमध्ये आहे. तुझ्या बायकोच्या तीन बरगड्या मोडल्यात. मी दवाखान्यात तिच्यापाशी बसणार आहे, तिकडे फिरकायचं नाही.

लाथ मारीन तिथं पाणी काढीन, असं ऐटीत म्हणायचास. काल रक्त काढलंस.

त्या पायाच्या घोट्याचा बोल्ट वर्षात तिसऱ्यांदा तुटलाय. मागच्या वेळीच दुरुस्तीवाला म्हणाला होता, "मावशी, चालून हा असा तुटत नाही. कशावर तरी जोरात आपटला की तुटतो." तरी मी आपलं तेच, पोरगा जिन्यावरून पडला. आता पाय आणि बोल्ट दोन्ही पोलिसांच्या टेबलावर ठेवणार आहे.

चालायला तुला मी दोनदा शिकवलं, दुसऱ्यांदा याच पायावर. लाथ मारायला तू तुझ्या बापाकडून शिकलास. तेव्हा बरगड्या माझ्या होत्या, आणि तेव्हाही मी डॉक्टरांना जिनाच सांगितला होता.

आई