गाणारा मुलगा पाहिला

लीड्स, १२ एप्रिल

श्रीधरराव, सप्रेम नमस्कार.

मी ठणठणीत आहे. इथं अजून स्वेटर लागतो. तुम्ही उन्हात गुलमंडीच्या बाजारात जात नाही ना?

मृण्मयीला ज्याच्याशी लग्न करायचंय, तो टॉबी काल रीतसर पाहिला. रॉक बँडचा मुख्य गायक, तीन अल्बम. पहिला बँड मोडला, तेव्हा गिटारच्या शिकवण्या केल्या. बांधलेला पगार आजही नाही; ते त्यानं स्वतःच सांगितलं.

सासूबाईंनी मला गायला लावलं होतं, तसं मी त्याला लावलं. एरवी भरल्या हॉलमध्ये गाणारा तो माझ्यापुढं ताठ बसून गायला.

"आई, पुरे ना!" मृण्मयी म्हणाली.

"दुसरं कडवं राहिलंय," मी म्हटलं. तेही त्यानं म्हटलं.

मी होकार दिलाय. रागवायचं तर आजच रागवून घ्या. रविवारी त्याचा फोन येईल, तेव्हा नीट बोला.

तुमची,
भानुमती