खोट नसलेली गाडी

३ डिसेंबर
भाड्याच्या तीन गाड्या पाहिल्या, तिन्ही नापास. एकीचा ब्रेक धरतो, दुसरी डावीकडे ओढते, तिसरी नुसतीच धुऊनपुसून नटवलेली. बावीस तारखेला आमच्या लेकाला जाऊन वर्ष होईल. घाटातलं ते वळण एकदा डोळ्यांनी बघायचंय, असं ही म्हणते. वर बर्फ असणार. जायचं तर ऑल-व्हीलनंच – चारही चाकांना इंजिनाचा जोर हवा. हे मी म्हणतोय!

५ डिसेंबर
लिहूनच टाकतो. गाडी भाड्यानं घेताना त्यानं मला फोन केला होता. "बाबा, ऑल-व्हील घेऊ का?" मी म्हटलं, "काही गरज नाही. हात नीट असला की दोन चाकांचा जोर पुरतो." गॅरेजमधली पोरं ऐकत होती, म्हणून जरा जास्तच ऐटीत बोललो. तो हसला, बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी घसरली.
हिच्या भावानं मला तोंडावर सुनावलं. ही आजवर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर
पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरलो. गाडीवाला म्हणे, "काका, न्यायचीय की खोलायचीय?" मागचे टायर नवे, पुढचे झिजलेले. ऑल-व्हीलला हे चालत नाही, चारही सारखे लागतात. नको म्हटलं.

१२ डिसेंबर
आणखी एक. आरशाला तडा. नको.

१३ डिसेंबर
जेवताना ही म्हणाली, "अहो, तुम्हाला गाडी नकोच आहे. तुम्हाला जायचंच नाहीये."
मी पाणी प्यायलो. खरं आहे. तीस वर्षं गॅरेजात गेली, मला कुठल्याही गाडीत खोट सापडते. भीती वाटते. त्या वळणावर हिनं माझ्याकडे नुसतं बघितलं तरी मी काय करणार आहे?

१९ डिसेंबर
राखाडी गाडी. दोन तास तपासली. एकही खोट नाही. टपावर हात ठेवून उभा राहिलो आणि रडूच फुटलं. गाडीवाला बिचारा गोंधळला – "काका, रंग आवडला नाही का?" घेतली.

२२ डिसेंबर
गाडी मुकाट चढली. वळणावर थांबवली. ही खाली दरीकडे बघत म्हणाली, "तुमच्यानंतर त्यानं मला फोन केला होता. म्हणाला, आई, मला भीती वाटतेय, ऑल-व्हीलच घेतो, बाबांना सांगू नकोस. मी म्हटलं, त्यांना त्यातलं कळतं, ते सांगतात तसंच कर. वर्षभर सगळे तुम्हाला बोलले. मी बोलू दिलं."
हिचे हात गार पडले होते. मी हीटर लावला.