दार लाव म्हणजे काय

जिदहफ्स, गुरुवार संध्याकाळ

हसू आवरत नाही. आज आमच्या घरात पोलीस शिरले.

मी भजी तळत होते. मागे दाराचा आवाज आला. शेजारची लीना असेल म्हणून मान न वळवताच ओरडले, "चपला बाहेर काढ गं, आत्ताच लादी पुसलीय." वळून बघते तर गणवेशातली इथली अरब पोलीसबाई, पायात नुसते मोजे, बूट हातात. चप्पल एवढा शब्द तिला कळला असणार.

पहिल्यांदा ह्यांचाच विचार आला. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये काही झालं का? ती मात्र हसली. "मॅडम, दरवाजा खुला. चोर आएगा, सब खलास." बिल्डिंगमध्ये ज्यांची दारं उघडी, त्यांना असं आत येऊन सावध करताहेत म्हणे.

ती गेल्यावर लेकीला, रियाला धरलं. शाळेतून आल्यावर दार लाव म्हणून बजावलं होतं ना? ती शांतपणे म्हणाली, "आई, आय डिड लाव. यू नेव्हर सेड लॉक."

खरंच की. आमच्याकडे दार लाव म्हटलं की कडी आलीच, पण हे तिला कधी सांगितलं? म्हणजे इतकी वर्षं दुपारभर दार नुसतं लोटलेलं?

आणि मी पोलिसांना बूट काढायला लावले. कुणाला सांगू हे?

मघाशी दार वाजलं. कडी घातलेली होती. आतून विचारलं, "कोण?"

"अगं, मी."

"मी म्हणजे कोण?"

मग ह्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.