थोरलीचं माप, धाकटीची कात्री

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोघी मावशांच्या मेंदूचे स्कॅन झाले. विकार दोघींचाही सौम्यच, पण जात निराळी. डॉक्टर म्हणाले, धाकटीच्या मेंदूत आठवणींच्या भागाला रक्त कमी पोचतंय, थोरलीच्या पुढच्या भागाला, जिथे कामाचा क्रम लागतो. म्हणून धाकटी सकाळचं दुपारी विसरते, पण कात्रीवर हात तसाच चालतो. थोरलीला त्यांच्या शिवणाच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांची मापंसुद्धा पाठ आहेत, आणि काल तिनं रिकामंच भांडं गॅसवर ठेवलं.

मी दमले रे. शाळेतून येते तेव्हा धाकटीनं दार सताड उघडं टाकलेलं असतं आणि थोरली त्यावरून तिच्याशी भांडत असते. परवा फळ्यापाशी उभ्या उभ्या माझा डोळा लागला. काय करायचं ते कळव.

लोभ आहेच, आता थोडा हातभारही असावा.
तुझी छोटी

११ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

आमचं घर म्हणजे काड्यापेटी. तुझी वहिनी म्हणते, एकीची सोय होईल. थोरलीला मी नेतो, धाकटी तुझ्याकडे राहू दे. ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांची वाटणी करायची, याची लाज वाटते. पण दुसरं काही सुचत नाही. महिनाअखेर येतो.

तब्येतीला जप.
तुझा दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मावशांना सांगितलं. दोघी उठून आतल्या खोलीत गेल्या. दुपारी मात्र शिलाई मशीनचा आवाज आला. तीच त्यांची दुकानातली रीत: थोरली तोंडपाठ माप सांगतेय, धाकटी कापतेय. धाकटी सारखी विचारत होती, हा सदरा कुणाचा. थोरली न चिडता सांगत होती, आपल्या दादाचा. एकटीला सोडलं असतं तर थोरलीनं बाही गळ्याला जोडली असती, आणि धाकटी कुणासाठी कापतेय तेच विसरली असती.

सदरा पाठवतेय. तू ठरवशील ते मला मान्य आहे. मला फक्त झोप हवी आहे.

राग नसावा.
तुझी छोटी

२७ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

सदरा घालूनच लिहितोय. लहानपणी छपरावरून पडलो तेव्हापासून माझा डावा खांदा उतरता आहे, तयार शर्ट नेहमी एकीकडे ओढतो. हा ओढत नाही. एकीनं खांदा लक्षात ठेवला, दुसरीनं तो बरोबर कापला. आरशासमोर मला रडू आलं.

वहिनीनं जेवणाचं टेबल विकायला काढलंय. त्या जागी दोन खाटा बसतात, आम्ही खाली बसून जेवू. रविवारी दोघींना न्यायला येतो, मशीनसकट.

आम्ही निघालो की दार लावून घे, आणि झोप.
तुझा दादा