बंपरच्या मागे

गिरीज,
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय रायन,

देवाच्या दयेने घरी सगळे बरे आहेत; तुळिंजला मित्राच्या खोलीवर तूही बरा असशील. केळीचे घड भरलेत. डॅडींचा खोकला थांबला. मम्मी अजून तुझं ताट वाढून झाकून ठेवते आणि संध्याकाळी स्वतःच खाते. बहिणीचा आवाज ऐकला की तू फोन कट करतोस, म्हणून हा कागद. मम्मीच्याच हाती पाठवतेय. पाकीट चिकटवलंय, तिने वाचू नये म्हणून.

माझंही बरं आहे. वॉकर सुटला, आता काठी आहे. गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही म्हणतात. तू विचारलं नसशील, तरी मम्मीने सांगितलंच असेल.

परवा डॅडी म्हणाले, "त्या अपघाताच्या गाडीत एवढं करायचं तरी काय होतं?"

मी सांगितलं, टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. दाबली की हवा तापते, तापली की जोर कमी होतो. म्हणून पुढच्या जाळीतून थंड हवा खेचणारा नवा पाइप टाकायचा, आणि दाबलेली हवा गार करायला बंपरच्या मागे मोठा इंटरकूलर.

"म्हणजे अजून जोरात पळायला," डॅडी म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

त्यांना तसंच वाटणार. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तूच त्यांना सांगितलंस, "मी बोललो होतो तिला, हळू चालव. ऐकलं नाही तिने." मी आत पडून ऐकत होते. कामणच्या रस्त्यावर पुढच्या ट्रेलरने ब्रेक मारला आणि मी आदळले, तेव्हा मी चाळीसच्या वर नव्हते, रायन. आपल्याच गॅरेजची गाडी, टेस्टला काढलेली. मी पळवेन कशाला? तरी गप्प बसले. वाटलं, घाबरलाय, बोलून गेला.

मग विम्याचा माणूस घरी आला. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. बंपरच्या प्लास्टिकमागे धक्का झेलायला लोखंडी बीम असतो, तो तिथे नव्हताच. दोन्ही टोकांना ग्राइंडरने कापल्याच्या खुणा. "मॅडम, हे तुमच्याच गॅरेजमध्ये केलं का?" बीमला हात न लावता बसेल असा छोटा इंटरकूलर मी मापं घेऊन तुला काढून दिला होता. तेव्हा तू हसला होतास. "अगं, जाळीतून दिसला पाहिजे. लोक तेच बघून येतात."

बीम असता तर माझा पाय वाचला असता का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण तो कापलेला आहे हे तुला माहीत होतं, मला नाही. माहीत असताना तू किल्ली माझ्या हातात दिलीस, आणि वर मलाच दोष दिलास. हा राग माझ्या छातीतून जात नाही. प्रार्थनेला बसले तरी जात नाही.

एवढ्यावर मी कदाचित पत्र लिहिलं नसतं. काल अर्नाळ्याचा भूपेश मला बघायला आला. ताजे बोंबील घेऊन आला बिचारा. बसल्या बसल्या कौतुकाने म्हणाला, "रायनने माझ्या गाडीतपण तसाच मोठा इंटरकूलर टाकला. गेल्या आठवड्यात."

गेल्या आठवड्यात. मी काठी टेकत घरात चालायला शिकत होते तेव्हा.

मी त्याला अंगणातच बंपर उतरवायला लावला. बीम कापलेला. भूपेश पायरीवर बसला. मग म्हणाला, "जागृती रोज आमच्या पोरीला शाळेत सोडते याच गाडीने." मी त्याला खरं काय ते सगळं सांगितलं. माझ्या अपघाताचंसुद्धा. तो रिक्षाने घरी गेला.

गाडी इथेच आहे. नवा बीम आणि छोटा इंटरकूलर मी मागवलाय. मला अजून खाली बसता येत नाही, म्हणून काम तू करायचंस आणि मी बाजूला खुर्ची टाकून बघणार. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ये. भूपेश येईल, डॅडीही घरी असतील. बीम कोणी कापला आणि मी गाडी किती वेगाने चालवत होते, हे डॅडींना तू सांगायचंस. मी त्यांना अजून काही बोललेले नाही. ते माझ्याकडे बघायचं टाळतात, तरी बोललेले नाही.

नाही आलास तर सोमवारी मी कामणला जाऊन गॅरेजला कुलूप लावीन. त्या आधी ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांना तू हात लावलास, त्या सगळ्यांना फोन करीन. माझ्या धमक्या तू पूर्वी पाहिल्यास. ही धमकी नाही.

दर पत्राच्या शेवटी मी 'खूप प्रेमाने' लिहायचे. आज नुसतं नाव लिहिते. बाकीचं रविवारी तुला बघून ठरवीन.

रिचेल